भोर-वेल्ह्यातील 'घर' आणि व्हिक्टोरियाकालीन शिरगणती

इ. स. १८८१ च्या फेब्रुवारीची १७ तारीख आणि त्याच साली एप्रिलची ३ तारीख या दोन रात्रींत जेमतेम साडेसहा आठवड्यांचे अंतर आहे. पहिल्या रात्री हिंदुस्थानात आणि दुसऱ्या रात्री इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या देशांत एकाच राणीच्या नावाने माणसे मोजली गेली. दोन्हीकडे गणक दारोदार फिरले, दोन्हीकडे तक्ते भरले गेले आणि दोन्हीकडे पुढे जाडजूड अहवाल छापून निघाले. असे असूनही यॉर्कशायरमधील एखाद्या आडवळणी वस्तीत त्या रात्री कोणत्या घरी कोण कोण होते, त्यांची वये काय, धंदा कोणता, जन्म कोठला आणि घरधन्याशी नाते कोणते, हे आज कोणाही विद्यार्थ्याला थोड्या श्रमात काढता येते. आणि नीरेकाठच्या भोरात किंवा तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्यात त्या रात्री कोणत्या छपराखाली कोण निजले होते हे मात्र शिरगणतीच्या कागदांवरून मुळीच सांगता येत नाही.

मावळातील कुटुंबसंस्थेवर प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी सामान्यतः पहिला हात सेन्ससच्या अहवालाला घालतो. तेथे त्याला घरांची संख्या मिळते, माणसांची संख्या मिळते, आणि दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की 'दर घरी माणसे इतकी' असा एक अंक हाती येतो. दोन गणत्यांतील हे अंक शेजारी मांडले आणि नंतरचा लहान भरला की 'एकत्र कुटुंबाचा ऱ्हास' हे प्रकरण लिहून तयार होते. या पद्धतीत आकडे खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. ज्या शब्दापुढे तो आकडा लिहिला आहे तो शब्द, म्हणजे 'घर', दोन्ही ठिकाणी एकच अर्थ धारण करतो काय, हे पाहिल्यावाचून त्या आकड्यावर इतिहास उभारता येत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. प्रश्न इतिहासाचा असला तरी त्याचे दार भाषेकडून उघडते.

प्रथम मूळ कागदांचे काय झाले ते पाहू. इंग्लंडात घरोघर वाटलेले तक्ते गणकांनी आपल्या वह्यांत उतरून घेतले. तक्ते नष्ट झाले, पण वह्या राहिल्या. १८५१ पासूनच्या वह्यांत घरधन्याशी नाते आणि जन्मग्राम ही दोन्ही सदरे आहेत. शंभर वर्षांच्या गुप्ततेची मुदत संपली की त्या अभ्यासकांना खुल्या होतात. मायकेल अँडरसन यांनी १८५१ च्या अशाच वह्यांवरून लँकेशायरमधील प्रेस्टन शहराच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९७१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि गिरण्यांमुळे नातेसंबंध तुटले ही रूढ समजूत बरीचशी ढासळली. पण या वह्या टिकल्या त्या साऱ्या साम्राज्यात टिकल्या असे नव्हे. आयर्लंडच्या १८६१ ते १८९१ या चार गणत्यांचे घरवार तक्ते सरकारी हुकमानेच नष्ट झाले.

हिंदुस्थानची गोष्ट आयर्लंडच्या जवळ जाते. १८७२, १८८१, १८९१ आणि १९०१ या चार गणत्यांचा उद्देश संख्या मिळविणे हा होता. तक्त्यांवरून गोषवारे काढले, गोषवाऱ्यांवरून तालुक्यांची व जिल्ह्यांची कोष्टके केली, आणि काम संपताच तक्त्यांची वाट लावली. १९०१ साली तर प्रत्येक माणसाची निरनिराळ्या रंगांच्या कागदाची एकेक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणांत वाटून मोजण्याची पद्धत आली. मोजणी जलद झाली खरी. पण चिठ्ठीवर उतरताच माणूस आपल्या घरातून सुटला. एकाच चुलीवर जेवणारी सात माणसे सात वेगळ्या खणांत जाऊन पडली.

आणि समजा, ते तक्ते एखाद्या फडताळात सापडले, तरी आपली अडचण सर्वस्वी दूर होणार नाही. त्या तक्त्यांत घराचा क्रमांक, नाव, धर्म, जात, वय, विवाहित की अविवाहित, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, शिक्षण आणि अंधत्वादी व्यंगे अशी सदरे होती. घरधन्याशी नाते हे सदर नव्हते. ते १९५१ साली आले. एका घरक्रमांकाखाली पंचेचाळीस वर्षांची विधवा आणि पंचवीस वर्षांचा विवाहित पुरुष दिसला तर ती आई आणि तो मुलगा, की ती चुलती आणि तो पुतण्या, की ती थोरली भावजय आणि तो दीर, हे ठरविण्यास साधन नाही. ज्या भाषेत जाऊ, नणंद, दीर, भावजय, आते, मावशी यांना स्वतंत्र शब्द आहेत, त्या भाषेच्या प्रदेशात नाते विचारलेच नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाते विचारूनही घोटाळा होतोच म्हणा. व्हिक्टोरियाकालीन इंग्रजीत सासूसाठी असलेला शब्द सावत्र आईसाठीही वापरीत, आणि त्या वह्या वाचणाऱ्यांपैकी अनेकजण त्या खड्ड्यात पडलेले आहेत.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न याहून बिकट. नाव सांगण्यास घरच्यांची हरकत असेल तेथे नुसते 'स्त्री' असे लिहिण्याची मुभा गणकाला असे. उलट पक्षी, नवऱ्याचे नाव बायकोने तोंडाने उच्चारावयाचे नाही हा रिवाज. नवरा मुंबईस गेलेला, घरात ती व मुले. अशा वेळी कारभाऱ्याचे नाव शेजाऱ्याकडूनच घ्यावे लागत असणार. उखाण्यात घेतलेले नाव गणतीत चालत नाही!

आता भोरच्या आकड्यांकडे वळू. १९०१ साली भोर संस्थानचे क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल, लोकसंख्या १,३७,२६८ आणि खुद्द भोर गावची वस्ती ४,१७८ अशी नोंद आहे. आधीच्या दहा वर्षांत लोकसंख्या शेकडा १२ नी घटली होती. हा आकडा आजच्या भोर व वेल्हे तालुक्यांच्या आकड्यांशेजारी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले तेव्हापासून वाढत गेलेला हा पंतसचिवांचा मुलूख सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेला होता. त्याचे तालुके विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड अशा किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. पण सुधागड घाटाखाली कोकणात, पालीच्या बाजूस. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा सुधागड कुलाबा जिल्ह्याकडे गेला आणि घाटावरचा भाग पुण्याकडे आला. म्हणजे १,३७,२६८ या अंकात भाताची खाचरे कसणारा पालीचा कोकणी शेतकरीही आहे, ज्याचा कानंद खोऱ्याशी व्यवहारात फारसा संबंध नव्हता. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे, संस्थानी काळातील एक तालुकानाम अशा रीतीने परत येत आहे.)

शेकडा १२ ची घट कशामुळे, हा दुसरा प्रश्न. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आणि १८९६ पासून मुंबईत व लगोलग पुण्यात शिरलेला प्लेग ही कारणे सर्वांच्या परिचयाची आहेत. मला येथे गणतीच्या रीतीतून उद्भवणारे एक कारण पुढे मांडावयाचे आहे. चारही गणत्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झाल्या: २१ फेब्रुवारी १८७२, १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१. मावळात यावेळी भात झोडून झालेले असते, नाचणी-वरईचे दाणे कणगीत पडलेले असतात, आणि पावसाळ्यापर्यंत रानात काम नसते. अंगमेहनतीची माणसे मुंबईस किंवा पुण्यास जातात ती याच महिन्यांत. गणती मात्र त्या रात्री जो जेथे असेल तेथे त्याला मोजणारी. आधी काही आठवडे गणक गावातील घरांना क्रमांक टाकून कच्ची नोंद काळ्या शाईने करीत. प्रत्यक्ष गणतीच्या रात्री पुन्हा फिरून, जे परगावी गेले त्यांची नावे तांबड्या शाईने खोडीत आणि जे पाहुणे आले त्यांची भर घालीत. जंगली व डोंगरी टापूंत रात्रीऐवजी दिवसा फिरण्याची सवलतही असे. तेव्हा गिरणगावात गेलेला वेल्ह्याचा तरुण मुंबईच्या कोष्टकात 'जन्म अन्यत्र' या सदरात जमा झाला आणि आपल्या घरातून तांबड्या रेघेने वजा झाला. घरच्यांच्या लेखी तो घरातच होता. त्याच्या नावाची भाकर नसली तरी त्याच्या मनिऑर्डरीवर घर चालत होते. ही तांबडी रेघ आपल्या हाती आली असती तर मावळी कुटुंबाच्या अभ्यासास तिच्याएवढे मोलाचे साधन दुसरे नसते.

इतके झाल्यावर मूळ शब्दाकडे येतो. मराठीत राहत्या जागेचे आणि तेथील माणसांचे मोजमाप करण्यासाठी एकाहून अधिक शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. गाव किती मोठे असे विचारले की जुना माणूस 'शंभर उंबऱ्यांचे' असे सांगतो. येथे गणनेचे परिमाण दार हे आहे. भावाभावांचे वेगळे निघणे सांगताना मात्र 'चूल वेगळी केली' असे म्हणतात. येथे परिमाण अन्न आहे. उंबरा एक आणि चुली तीन ही स्थिती मावळच्या लांबट, मधे कुडाच्या भिंती घातलेल्या घरांत सर्रास आढळते. 'बिऱ्हाड' म्हणजे घर नव्हे, घरातील तात्पुरती वस्ती. शहरात एका घरात दहा बिऱ्हाडे असू शकतात. 'खटले' म्हणजे अनेक भावांचा, मुलालेकरांचा, गुराढोरांसह पसारा; त्यात माणसांइतकाच कामाचा व्याप अभिप्रेत आहे. 'कुटुंब' हा शब्द तर सर्वांत फसवा. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' या वाक्यात कुटुंब म्हणजे पत्नी, एकटी. आज समाजशास्त्रात जो अर्थ त्याच्यावर लादला जातो तो बोलीत फार उशिरा रुजला. आणि 'भाऊबंद' ही अशी कक्षा आहे की जिच्यात उंबरा, चूल, शेत यांपैकी काहीही समाईक नसले तरी सुतक समाईक असते.

हिंदी शिरगणतीच्या अंमलदारांनाही हा पेच ठाऊक होता. त्यांच्या सूचनांत घराच्या दोन व्याख्या सतत एकमेकींशी झगडताना दिसतात. एक इमारतीवर आधारलेली: ज्या जागेला वाटेवरून स्वतंत्र मुख्य दार आहे ती जागा म्हणजे घर. दुसरी सहभोजनावर आधारलेली: एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे घर. प्रांतोप्रांती आणि गणतीगणतीला या दोहोंतील कल बदलत गेला. इमारत आणि कुटुंब ही दोन परिमाणे साऱ्या देशासाठी स्वच्छपणे वेगळी करण्यात आली ती १९५१ साली. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर अंमलदार कधी उंबरे मोजीत होते, कधी चुली. ज्या वाडीत साठ उंबरे आणि नव्वद चुली आहेत तेथे माणसे तितकीच राहूनही 'दर घरी माणसे' हा अंक एका व्याख्येने दुसरीच्या दीडपट निघतो. एका गणतीत एक व्याख्या आणि पुढच्या गणतीत दुसरी वापरली, की कोणीही वेगळे न निघता एकत्र कुटुंब कागदावर मोडते.

'खानेसुमारी' हा शब्द येथे मुद्दाम आठवला पाहिजे. फारसी 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजदाद. एकोणिसाव्या शतकातील मराठीने सेन्ससला हाच जुना शब्द लावला, आणि त्यामुळे दोन्ही एकच संस्था असल्याचा आभास झाला. पेशवाईतील खानेसुमारीचे कागद पुण्याच्या दप्तरात आहेत. त्यांत घरधन्याचे नाव, जात, बाया-पुरुष व मुलांची मोजदाद आणि गुरे यांची नोंद येते. हेतू पट्टी बसविण्याचा असल्यामुळे तेथे 'घर' म्हणजे देणे देणारे एकक. सेन्ससमध्ये माणूस मोजावयाचा होता, खानेसुमारीत घर. म्हणून संख्येच्या दृष्टीने खानेसुमारी कच्ची असली तरी घराच्या इतिहासाला ती सेन्ससहून जवळची आहे. मोडी वाचता आली पाहिजे ही अट अर्थातच आहे, आणि आपल्या विभागांतील विद्यार्थी ही अट टाळण्यासाठी किती युक्त्या योजतात हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

या कागदांतील नाव लिहिण्याची रीत स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. 'अमुक बिन तमुक' किंवा 'अमुक वलद तमुक' म्हणजे तमक्याचा मुलगा अमुक. 'अमुकी कोम तमुक' किंवा 'अमुकी भ्रतार तमुक' म्हणजे तमक्याची बायको अमुकी. बिन, वलद व कोम हे शब्द अरबी मुळाचे, भ्रतार संस्कृतोत्पन्न. पण सर्वांचे कार्य एकच, माणसाला दुसऱ्या माणसाशी बांधण्याचे. आडनाव नसले तरी चालेल, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव हवेच. सेन्ससच्या तक्त्याने जे सदर ठेवले नाही ते मराठी लेखनरूढीने नावातच ठेवले होते. दोन पिढ्यांच्या नोंदी हाती असल्या तर 'बिन'च्या साखळीने घराचा माग काढता येतो. आडनावाच्या साखळीने तो निघत नाही, कारण एका गावात एका आडनावाची तीस घरे असतात आणि मुंबईस गेलेला माणूस कित्येकदा गावाच्या नावाला 'कर' लावून नवे आडनाव घेतो.

मोठ्या घराण्यांची गोष्ट निराळी. कारीचे जेधे, हिरडस मावळातील बांदल, उत्रवळीचे खोपडे, गुंजण मावळातील शिळीमकर, कानंद खोऱ्यातील मरळ, मुसे खोऱ्यातील पासलकर या देशमुखांचे करीने, महजर, निवाडे उपलब्ध आहेत. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. वतनाचा तंटा झाला की वंशावळ लिहावी लागे, म्हणून त्यांच्या वंशावळी आहेत. मावळच्या सामान्य शेतकऱ्याची वंशावळ लिहिण्याचे कारण कोणाला पडले नाही. तरीही जमिनीच्या कागदांत त्याची एक सावली उरते. पुणे प्रांतातील गावांत जमीन 'थळां'त विभागलेली असे. थळ म्हणजे एका मूळ घराण्याचा मिरासी वाटा, आणि त्या घराण्याच्या शाखांचा समूह म्हणजे 'जथा'. कर्नल साइक्स यांनी १८२० नंतरच्या दशकात दख्खनची पाहणी केली तेव्हा गावोगावचे थळझाडे त्यांच्या नजरेस आले. थळाला नाव मूळ घराण्याचे राही, कसणारा कोणीही असो. घराणे नष्ट झाले की त्याची जमीन 'गतकुळी' म्हणून लिहिली जाई. गतकूळ हा शब्द मला मराठी दप्तरातील अत्यंत बोलका शब्द वाटतो. सेन्ससच्या कोष्टकात दुष्काळ म्हणजे एक उणे चिन्ह. थळझाड्यात तेच घर गेले तरी त्याचे नाव शेतावर राहते आणि ते गेले ही नोंदही राहते.

अशा साधनांनी काय साधते याचे पुणे जिल्ह्यातच उदाहरण आहे. पुण्याच्या ईशान्येस नगर रस्त्यावरील लोणीकंद या गावाची घरवार माहिती डॉ. थॉमस कोट्स यांनी १८१९ च्या सुमारास गोळा केली. ती १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करून १९६० साली पुस्तक लिहिले, आणि पॉलीन कोलेंडा यांनी १८१९, १९५८ व १९६७ या तीन सालांची कुटुंबरचना ताडून १९७० साली लेख प्रसिद्ध केला. जवळजवळ दीडशे वर्षांत एकत्र कुटुंब मोडत गेले या समजुतीस त्यांना आधार मिळाला नाही. गुजरातेत अ. म. शहा यांनी राधवाणज या गावाच्या १८२५ च्या गणतीवरून जो विचार मांडला तोही याच दिशेचा आहे. लोणीकंद सपाटीवरचे गाव. वेल्ह्याच्या वाड्यांना तेथील निष्कर्ष जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. परंतु कुटुंब पूर्वी मोठे व आता लहान हे गृहीत धरून आरंभ करण्याचा अधिकार आता कोणाला राहिलेला नाही.

मावळात आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले धरण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बांधले गेले, आणि १९२८ साली त्याहून पुष्कळ मोठे लॉइड धरण पुरे होऊन वेळवंड खोऱ्याचा बराच भाग बुडाला. वेल्ह्याच्या बाजूस आंबी नदीवरील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण त्या धरणाखाली जी गावे उठली त्यांची आठवण पुण्याच्या पुराइतकी कोणी ठेवलेली नाही. गाव उठले की उंबऱ्याचा क्रमांक, थळाचे नाव आणि भाऊबंदांची शेजारघरे ही तिन्ही साधने एकदम जातात. नव्या वसाहतीतील घर जुन्या दप्तराशी जोडण्यास पुनर्वसनाच्या याद्या हाच दुवा उरतो.

हा विषय केवळ प्रबंधांपुरता राहिलेला नाही. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हापासून जुने महसुली कागद, शाळांची दाखलरजिस्टरे आणि ज्यास बोलीत 'कोतवाल बुक' म्हणतात ते जन्ममृत्यूचे गावनमुने धुंडाळण्याचे काम गावोगाव झाले. याच संदर्भात गॅझेटियर व सेन्सस यांतील आकड्यांचाही आधार पुष्कळदा घेण्यात येतो. आरक्षणाच्या प्रश्नावर मत देण्याचे हे स्थळ नव्हे. साधनांविषयी मात्र बोलणे आपले काम आहे. एन्थोव्हेन यांच्या देखरेखीखालील १९०१ च्या मुंबई इलाख्याच्या गणतीत मराठा, मराठा कुणबी आणि कोकणी मराठा असे तीन गट मांडलेले आहेत. त्यापूर्वी ही विभागणी अशीच होती असे नाही. शिवाय 'कुणबी' हा शब्द गावच्या बोलीत जातीचा जेवढा, तेवढाच धंद्याचा. विचारणाऱ्याने जात विचारली आणि सांगणाऱ्याने आपण शेत कसतो हे सांगितले, असे किती वेळा झाले असेल याचा हिशेब कोष्टकात नाही. त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, कोष्टकातील लाखाच्या आकड्यातून एक घर, एक नाव बाहेर काढता येत नाही. ते नाव मिळेल तर जन्ममृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या रजिस्टरात किंवा फेरफाराच्या कागदात मिळेल, आणि तेथेही 'बिन'च्या साखळीची प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागेल.

भोर-वेल्ह्यापुरते काम हाती घ्यावयाचे तर मी विद्यार्थ्याला असे सुचवीन की, सबंध तालुका घेऊ नये. धरणाने न उठलेली कानंद किंवा गुंजण मावळातील एक वाडी घ्यावी. तेथील जन्ममृत्यूची जितकी जुनी रजिस्टरे तहसिलीत मिळतील तितकी उतरून काढावी. फेरफारातील वारसांच्या नोंदी त्यांच्याशी लावाव्या. आणि मग म्हाताऱ्या माणसांना कोण कोणाचा कोण हे विचारण्याऐवजी कोणाचे सुतक कोणाला लागते हे विचारावे. नात्याच्या प्रश्नाला लोक सोईस्कर उत्तर देतात. सुतकाच्या प्रश्नाला देत नाहीत.